एका बारासाठी गोळी

ओहायो राज्यात ठासणीच्या बंदुकीने हरीण मारण्याचा हंगाम जानेवारीच्या सुरुवातीला येतो आणि चार दिवसांत संपतो. तोवर नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरचा बंदुकीचा मोठा आठवडा होऊन गेलेला असतो, ओकची झाडे बोडकी झालेली असतात, आणि त्या धामधुमीतून वाचलेली पांढऱ्या शेपटीची हरणे माणसाच्या वासाला व चाहुलीला कमालीची सावध झालेली असतात. या दिवसांत झाडाशी पाठ टेकून बसलेल्या शिकाऱ्याला बहुधा एकच संधी मिळते. ती घेतल्यावर दुसरा बार भरायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात हरीण टेकडीपलीकडे गेलेले असते. त्यामुळे नळीत कोणती गोळी आणि तिच्याभोवती कोणता सॅबो, म्हणजे प्लास्टिकचे वेष्टन आहे, हा प्रश्न मला दुर्बिणीच्या किंवा बंदुकीच्या किमतीच्या प्रश्नाहून कितीतरी मोठा वाटतो. मी राज्याच्या आग्नेय भागातल्या डोंगराळ रानात शिकार करतो, तिथे शंभर यार्डांपलीकडचे मोकळे दृश्य क्वचितच मिळते, आणि माझी सगळी निवड त्या रानाच्या मापाने झालेली आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हरणाच्या शिकारीची गोष्ट खटकेल, हे मला ठाऊक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार थांबली, आणि ते योग्यच झाले असे मी मानतो. ओहायोची कथा वेगळी आहे. इथली हरणे १९०४ च्या सुमारास पार नाहीशी झाली होती. पुढे काही बाहेरून आणून सोडली गेली, काही शेजारच्या राज्यांतून आली, आणि संख्या वाढल्यावर १९४३ मध्ये फक्त तीन काउंटींपुरता, म्हणजे जिल्ह्यांपुरता, पहिला नियंत्रित हंगाम झाला. आज राज्याच्या सर्व ८८ काउंटींमध्ये हरणे आहेत, त्यांना खाणारा लांडगा आणि पुमा मात्र केव्हाच संपलेला आहे. परवान्याच्या शुल्कातून वन्यजीव खात्याचे काम चालते, आणि मारलेले हरीण आमच्या घरी वर्षभर खाल्ले जाते. मारायचेच आहे तर ते एका गोळीत, क्षणात आणि वाया न घालवता मारले पाहिजे, एवढे तरी आपण त्या प्राण्याचे देणे लागतो.

सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी आजोबांकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. रानडुकरे भातात उतरू नयेत म्हणून ते रात्री तिचा बार बहुतेक वेळा हवेतच काढत. काळी दारू, तिच्यावर चिंधीचा घट्ट बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि प्रत्येक थरावर गजाचे मोजके ठोके. त्या बोळ्याचे काम दारूचा वायू मागे अडवून सगळा जोर पुढच्या शिशाला देण्याचे होते. आज माझ्या बंदुकीत तेच काम सॅबो करतो. सॅबो म्हणजे गोळी जिच्यात बसते ती प्लास्टिकची छोटी वाटी. तिचा तळ वायू अडवतो, तिच्या पाकळ्या नळीतल्या पिळाला, म्हणजे आतल्या वळणदार खाचांना, धरून गोळीला फिरकी देतात, आणि नळीबाहेर पडताच हवेच्या दाबाने उघडून मागे पडतात. गोळी एकटी पुढे जाते.

माझी बंदूक मात्र फार वेगळी आहे, ती काळ्या दारूऐवजी धूरविरहित दारूवर चालते. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर घन काजळीच्या आणि धुराच्या रूपात उरतो. ती काजळी ओल धरून नळी गंजवते, आणि प्रत्येक बारानंतर पुढची गोळी ठासणे अवघड होत जाते. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये धूरविरहित दारू तयार केली आणि काडतुसांचे जग बदलले, पण ठासणीच्या बंदुका त्यापासून शंभरहून अधिक वर्षे दूर राहिल्या, कारण तिचा दाब त्यांच्या नळ्यांना सोसत नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या हेन्री बॉल यांच्या रचनेवरून सॅव्हेज कंपनीने या शतकाच्या अगदी सुरुवातीला १०एमएल ही बंदूक आणली, तेव्हा धूरविरहित दारूसाठीच घडवलेली ठासणीची बंदूक प्रथमच कारखान्यातून बाजारात आली. सॅव्हेजने ती पुढे बंद केली, तरी तिच्या वाटेने जाणारे कारागीर आज मजबूत पोलादाच्या अशा बंदुका मागणीनुसार बनवून देतात. ज्या बंदुकीवर तिच्या निर्मात्याने धूरविरहित दारूला स्पष्ट परवानगी दिलेली नाही, तिच्यात ही दारू चिमूटभरही घालू नये, कारण नळी फुटून माणसे हात आणि डोळे गमावतात. काळी दारू लोक मापट्याने मोजत आले आहेत, ही दारू मात्र काट्यावर तोलूनच आणि निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या वजनानेच भरायची असते. म्हणून मी या लेखात दारूचे एकही प्रमाण देणार नाही. प्रत्येकाने ते आपल्या बंदुकीच्या पुस्तिकेतूनच घ्यावे.

आता गोळीकडे येतो. या बंदुकीचा सर्वात मोठा मोह वेगाचा आहे. काळ्या दारूच्या नेहमीच्या भरणीने २५० ग्रेनची, म्हणजे सुमारे १६ ग्रॅमची गोळी सेकंदाला सोळाशे-सतराशे फुटांच्या आसपास निघते, तर धूरविरहित दारूवर तीच गोळी बावीसशे-तेवीसशे फुटांपर्यंत जाते. हा आकडा ऐकून माणूस दोनशे-अडीचशे यार्डांची स्वप्ने पाहू लागतो आणि गोळी कशासाठी बनवली आहे हे पाहायचे विसरतो. पन्नास कॅलिबरच्या, म्हणजे अर्धा इंच व्यासाच्या नळीच्या, सॅबोत बसणाऱ्या ०.४५२ इंच व्यासाच्या गोळ्यांपैकी कित्येक मुळात पिस्तुलाच्या आणि रिव्हॉल्व्हरच्या आहेत. हॉर्नडी कंपनीची २५० ग्रेनची एक्सटीपी हे त्याचे चांगले उदाहरण आहे. पंचेचाळीस कोल्ट रिव्हॉल्व्हरच्या संथ वेगाला ती सुंदर उमलते, म्हणजे लागताच नाकाकडून फुलासारखी पसरते, आणि काळ्या दारूच्या बंदुकीतही तिने असंख्य हरणे नीट पाडली आहेत. पण दुप्पट वेगाने, तीस यार्डांवर, खांद्याच्या हाडावर तिने तसेच वागावे, ही अपेक्षा गोळीवर अन्याय करणारी आहे. त्याच घराण्यातली ३०० ग्रेनची एक्सटीपी मॅग अधिक जाड आवरणाची आहे. ती ०.४५४ कसूलसारख्या जबर काडतुसाचा विचार करून घडवलेली आहे, आणि या बंदुकीत शिशाची गोळीच वापरायची असेल तर मी हिच्याकडे वळेन.

शेजारच्या एका शेतकऱ्याच्या कोठारात टांगलेले हरीण मी पाहिले आहे, ज्याला अशीच मऊ गोळी जवळून आणि फार वेगाने लागली होती. ते हरीण जागीच पडले होते, त्यात दुमत नाही. पण कातडी उतरवल्यावर पुढचा एक खांदा पूर्ण आणि दुसऱ्याचा बराच भाग रक्ताळलेल्या लगद्यासारखा झाला होता, आणि गोळी तुकडे होऊन आतच राहिली होती. गोळी पलीकडून बाहेर पडली नाही, ही बाब मला मांसाच्या नासाडीहून गंभीर वाटली. फुप्फुसात नीट बार लागलेले हरीणही बऱ्याचदा शंभरेक यार्ड धावते. जाड पालापाचोळ्यातून, ओढ्याच्या काठाने, मावळत्या उजेडात त्याचा माग काढायचा असतो, आणि बाहेर पडलेल्या गोळीचे खालच्या बाजूचे भोक नसेल तर जमिनीवर रक्त फारसे सांडतच नाही. न सापडलेले हरीण ही शिकाऱ्याची सर्वात मोठी बेइज्जती आहे, आणि ती टाळण्याचा पहिला उपाय म्हणजे आरपार जाणारी गोळी.

म्हणून मी गोळी निवडताना दोन वेग लक्षात घेतो: माझ्या रानातल्या सर्वात जवळच्या बाराला ती किती वेगाने आदळेल, आणि मी ज्यापुढे चाप ओढणार नाही त्या अंतरावर तिचा वेग किती उरलेला असेल. बोथट नाकाची २५० ग्रेनची गोळी पहिल्या शंभर यार्डांतच सेकंदाला सुमारे चारशे फूट वेग गमावते. म्हणजे माझ्या उपयोगाच्या पल्ल्यात गोळीला साधारण अठराशे ते बावीसशे फुटांच्या पट्ट्यात नीट उमलायचे असते आणि तरीही अखंड राहायचे असते. या पट्ट्यासाठी मला बार्न्स कंपनीची एक्सपांडर ही ठासणीच्या बंदुकीसाठीच बनवलेली तांब्याची गोळी पटली. ती एकाच तांब्याची आहे, तिच्यात शिसे नाही, नाकातली पोकळी उमलली की सहा पाकळ्या मागे वळतात, आणि देठ अखंड राहून पलीकडे निघून जातो. तांब्याच्या सगळ्याच गोळ्या अशा नसतात, हेही सांगितले पाहिजे. ताकदीच्या रायफलींसाठी बनवलेली तांब्याची गोळी आमच्या वेगाला बंदच राहील आणि सुईसारखी आरपार जाईल. खोक्यावर तांबे हा शब्द पाहून समाधान मानू नये, ती कोणत्या वेगासाठी घडवली आहे ते वाचावे.

वजनाचा निर्णय तांब्याने आपोआपच थोडा सोपा केला. शिशाची घनता ११.३४ आणि तांब्याची ८.९६, त्यामुळे समान वजनाची आणि समान जाडीची तांब्याची गोळी नेहमी लांब असते. नळीतला पीळ गोळीच्या वजनापेक्षा तिच्या लांबीला पुरावा लागतो. माझ्या नळीत चोवीस इंचांत एक फेरा आहे, म्हणजे पीळ बऱ्यापैकी वेगवान आहे, तरीही ३०० ग्रेनच्या तांब्याने मिळणारा फायदा मला त्या लांबीच्या आणि धक्क्याच्या मोबदल्यात पटला नाही. २५० ग्रेन पुरते.

खरा वेळ सॅबोने घेतला, आणि माझ्या मते कोणाचाही घ्यावा. लोक गोळ्यांवर तासन् तास वाद घालतात आणि सॅबो खोक्यात येईल तो वापरतात, ही गोष्ट मला कधीच समजलेली नाही. हिशेब करून पाहा. नळी ०.५०० इंच, गोळी ०.४५२ इंच, म्हणजे मधली प्लास्टिकची भिंत दोन्ही बाजूंना मिळून ०.०४८ इंच, एका बाजूला ०.०२४ इंच, जेमतेम ०.६ मिलिमीटर. ०.४३० इंचाची गोळी घेतली तर तीच भिंत ०.०३५ इंच होते. धूरविरहित दारूचा दाब आणि उष्णता या पातळ भिंतीने आणि तिच्या तळाने सोसायची असते. शिवाय प्रत्येक कारखान्याची पन्नास कॅलिबरची नळी थोडी वेगळी असते, आणि एक हजारांश इंचाचा फरकही गजाला लगेच कळतो. नळीचे खरे माप घेतल्याशिवाय सॅबो मागवणे म्हणजे पायाचे माप न घेता जोडे शिवायला टाकणे.

सॅबो सैल झाला तर गोळी नळीत सहज उतरते आणि नवशिक्याला बरे वाटते. पण धूरविरहित दारूला नीट जळण्यासाठी सुरुवातीचा विरोध हवा असतो. तो मिळाला नाही तर दाब उशिरा आणि कमी-जास्त चढतो, दर बाराचा वेग बदलतो, आणि कधी कधी चाप ओढणे व बार निघणे यांत जाणवेल इतकी फट पडते. सॅबो फार घट्ट असेल तर गजावर अंगाचे वजन टाकावे लागते, गोळीचे नाक चेपते, प्लास्टिक कडेने खरवडले जाते, आणि गोळी दारूवर पूर्ण टेकली की मध्येच अडकली याची खात्री राहत नाही. मध्ये पोकळी राहणे धोक्याचे आहे. यासाठी गजावर खूण करून ठेवलेली असावी: रिकाम्या नळीची एक आणि भरलेल्या नळीची दुसरी. दुसरी खूण नळीच्या तोंडाशी जुळली नाही तर बार काढायचा नाही, आणि ती बरीच वर राहिली तर आत आधीचा बार तसाच आहे का, हे आधी पाहायचे. या दारूची दुहेरी भरणी नळीला क्षमा करत नाही.

मी एमएमपी कंपनीचे साधे सॅबो आणि हार्वेस्टर कंपनीचे क्रश रिब, असे दोन्ही वापरून पाहिले. क्रश रिबच्या अंगावर उभ्या बारीक कडा असतात, त्या ठासताना दबतात, त्यामुळे थोड्या घट्ट नळीतही गज सुखाने उतरतो. माझ्या नळीत एमएमपीचा सॅबो एकसारख्या दाबाने उतरतो आणि गोळ्या जवळजवळ पडतात, म्हणून मी त्यावर थांबलो. शेजाऱ्याच्या बंदुकीत नेमके उलटे आहे. काही जण दारू आणि सॅबो यांच्यामध्ये नमद्याची किंवा प्लास्टिकची आणखी एक चकती घालतात, तळ जळत असेल तर तिचा उपयोग होतो. पण चकतीनेही दाब बदलतो, म्हणून पुस्तिकेत किंवा बंदूक बनवणाऱ्याच्या सूचनेत तिचा उल्लेख नसेल तर ती घालू नये.

सॅबो कसा वागला हे सॅबोच सांगतो, म्हणून सरावानंतर मी नळीपुढच्या गवतात वाकून ते वेचतो. चारही पाकळ्या सारख्या मागे वळलेल्या असतील, तळ गुळगुळीत आणि अखंड असेल, आणि बाहेरच्या अंगावर पिळाचे ठसे स्पष्ट उमटलेले असतील, तर जोडी जमली असे समजावे. ठसे पुसट असतील तर सॅबो सैल आहे. एक पाकळी मुळापासून फाटली असेल तर गोळी सुटताना एका बाजूला ढकलली गेली असणार, आणि लक्ष्याच्या कागदावर वेडावाकडा गेलेला बार त्याचाच असतो. तळाला भोक किंवा कडेला वितळल्याच्या रेघा दिसल्या तर वायू पुढे निसटतो आहे. अशा वेळी बरेच जण दुर्बीण फिरवत बसतात. माझा अनुभव असा की या बंदुकीत विखुरलेल्या बारांचे कारण बहुतेकदा गवतात पडलेले असते.

उष्णतेचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. दोन-तीन बारांत नळी तापते, आणि तापलेल्या नळीत ठासलेल्या सॅबोचे प्लास्टिक मऊ होते. तो चौथा बार काय सांगेल त्यावर विश्वास ठेवता येत नाही. मी प्रत्येक बारानंतर नळीच्या बाहेरून हात लावून ती हवेइतकी थंड होईपर्यंत थांबतो, मग त्यात सकाळ जावो. उलट जानेवारीतल्या शून्याखालच्या पहाटे तेच प्लास्टिक कडक आणि किंचित आकसलेले असते, आणि सप्टेंबरच्या उन्हात जुळवलेला बार तिथेच लागेल याची हमी नसते. हरणावर निघणारा बार हा नेहमी थंड नळीतला पहिला बार असतो. म्हणून डिसेंबरच्या शेवटी, कडाक्याच्या थंडीत, दर सकाळी एकच बार काढून त्याची खूण त्याच कागदावर ठेवत जाणे, ही मला सर्वात प्रामाणिक परीक्षा वाटते. बाकावर घाईने काढलेल्या बारांचे सुंदर झुबके मी त्यापुढे काहीच मानत नाही.

अलीकडे पंचेचाळीस कॅलिबरच्या नळीत सॅबोशिवाय, नळीच्या मापाला साच्यातून दाबून नेमकी केलेली गोळी वापरण्याकडे ओढा आहे. प्लास्टिकच गेल्यामुळे उष्णतेचा प्रश्न मिटतो आणि लांब पल्ल्याची अचूकता वाढते. त्या कामातली कारागिरी मला मनापासून आवडते. पण ज्या रानात सत्तर यार्डांवर झुडूप आडवे येते, तिथे ती ताकद बाळगून मी काय करणार, याचे उत्तर मला मिळालेले नाही.

कायदाही राज्यागणिक बदलतो. कोलोरॅडोत ठासणीच्या हंगामात धूरविरहित दारू चालत नाही, सॅबो चालत नाही आणि दुर्बीणही चालत नाही. बंदूक घेण्याआधी त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचलेली बरी.

शिसे सोडून तांब्याकडे जाण्याचे माझे एक कारण नळीबाहेरचे आहे. हरीण पाडल्यावर त्याचा कोथळा आपण रानातच टाकतो, आणि शिशाची गोळी फुटताना तिचे बारीक कण जखमेपासून दूरवर, थेट त्या कोथळ्यातही विखुरतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात दान केलेल्या हरणाच्या मांसात सीटी स्कॅनमधून असे कण दिसल्यावर अन्नपेढ्यांना ते मांस टाकून द्यायला सांगण्यात आले. कॅलिफोर्नियातले कॉन्डोर, म्हणजे तिथली प्रचंड गिधाडे, ज्या शिशाने मरत आले, ते बहुतांशी शिकाऱ्यांच्या गोळ्यांचे होते, आणि १ जुलै २०१९ पासून तिथे शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद झाल्या. ओहायोत असे बंधन नाही. पण १९७९ मध्ये टकल्या गरुडाची चारच घरटी उरलेल्या या राज्यात २०२० च्या मोजणीत ७०७ घरटी नोंदली गेली, आणि जानेवारीत ओढे गोठले की हे गरुड आमच्याच कोथळ्यांवर उतरतात. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे भारतातली गिधाडे मेलेल्या गुरांच्या देहांवर जेवून मेली, आणि २००६ मध्ये त्या औषधाचा गुरांसाठीचा वापर थांबवावा लागला. कोकणात ज्यांनी आकाशातली गिधाडे कमी होत गेलेली पाहिली आहेत, त्यांना मृत प्राण्यात आपण काय मागे ठेवतो या प्रश्नाचे वजन वेगळे सांगावे लागत नाही. तांब्याच्या गोळ्यांचे खोके शिशाच्या खोक्यापेक्षा महाग पडते, तरी वर्षभरात हरणावर खर्च होणाऱ्या गोळ्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात.

आता माझी मुलगी राज्याचे शिकारी प्रशिक्षण पूर्ण करून माझ्याबरोबर येऊ लागली आहे, आणि हा सगळा हिशेब मला तिच्यासाठी नव्याने मांडावा लागतो आहे. माझ्या भरणीचा धक्का तिच्या खांद्याला जास्त आहे, आणि धक्क्याला भिऊन डोळे मिटणाऱ्या नेमबाजाच्या हाती उत्तम गोळीही निरुपयोगी ठरते. धूरविरहित दारू मनाला येईल तेवढी कमी करता येत नाही, कारण फार कमी भरणी नीट पेटत नाही. तेव्हा तिच्यासाठी याच बंदुकीत, पुस्तिकेने मान्य केलेली काळ्या दारूची पर्यायी पावडर सौम्य प्रमाणात वापरावी असे आम्ही ठरवले आहे. वेग उतरल्यावर गोळी उमलेल का, हा प्रश्न तिनेच विचारला: “बाबा, मग तुमचीच गोळी चालेल का मला?” चालेल, कारण एक्सपांडर मुळात त्याच संथ वेगांसाठी बनवलेली आहे, आणि तिच्या हातून आम्ही साठ यार्डांपलीकडे बार काढणार नाही. सॅबो मात्र तिच्या भरणीबरोबर पुन्हा पहिल्यापासून तपासावा लागेल, कारण कमी दाबाला पाकळ्या कशा सुटतात हे मी अजून गवतातून वेचलेले नाही. त्यासाठी डिसेंबरातल्या थंड सकाळी राखून ठेवल्या आहेत.